फ्रिज सुरू आहे, पण पुरेसा गार आहे का?



वैशाखाचे ऊन यवतमाळकरांना नवे नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि घरातील एक वस्तू मात्र अहोरात्र राबत असते : स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला फ्रिज. ज्येष्ठांच्या घरात हा फ्रिज बहुधा जुना असतो. मुलीच्या लग्नाच्या सुमारास घेतलेला, दोनदा गॅस भरलेला, एकदा रंग दिलेला. दार उघडले की दिवा लागतो, रात्री त्याची घरघर ऐकू येते, म्हणून तो ठीक आहे असे आपण गृहीत धरतो. दिवा आणि घरघर यांवरून फ्रिजला वीज मिळते आहे एवढेच समजते. आत तापमान किती आहे, हे त्यावरून कळत नाही. ज्या घरात सत्तरीपुढची माणसे राहतात त्या घरात हे कळणे अगत्याचे आहे. कारण तेथे फ्रिज हे दूध-भाजीबरोबर औषधांचेही कपाट असते.

पितळ गेले, स्टील आले

१९५८ साली गोदरेज कंपनीने भारतात तयार झालेला फ्रिज बाजारात आणला. पुढच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी स्थिरावल्या : फ्रिज आणि स्टेनलेस स्टीलची भांडी. त्याआधी आपल्या आजीच्या घरी पितळेची भांडी होती आणि त्यांना वेळोवेळी कल्हई लावावी लागे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले की ते ‘कळकत’ असे. पितळेतील तांबे आंबट पदार्थात उतरे आणि तो खाणाऱ्यास मळमळ, उलट्या होत. स्टीलने ही चिंता मिटवली. या धातूत किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. उत्तम भांड्यांत ते सुमारे अठरा टक्के आणि निकेल आठ टक्के असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, न दिसणारा थर तयार होतो आणि तोच गंजापासून रक्षण करतो. आपल्या भागात पातेल्यालाही ‘गंज’ म्हणतात. स्टीलचा गंज गंजत नाही, तो या थरामुळे. त्यात कढी, ताक, टोमॅटोचे सार निर्धास्त ठेवावे. अपवाद मिठाचा. खारट पदार्थ महिनोन्‌महिने राहिला तर स्टीललाही बारीक खड्डे पडतात. म्हणून लोणच्यासाठी चिनी मातीची बरणीच योग्य.

मात्र स्टीलने कळकण्याची भीती घालवली, तशी अन्न नासण्याची घालवली नाही. डबा चकचकीत आहे आणि फ्रिजमध्ये आहे, एवढ्यावर आतील वरण सुरक्षित ठरत नाही. ते तापमानावर ठरते.

पाच अंशांची मर्यादा

अन्नातील रोगजंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात वेगाने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक राहू नये; आपल्या उन्हाळ्यात, म्हणजे घरातील तापमान ३२ अंशांपलीकडे असताना, एका तासापेक्षा अधिक राहू नये. फ्रिजमधील तापमान ५ अंश किंवा त्याहून कमी हवे. ते १० किंवा १२ अंश असेल, तर बाटलीतील पाणी प्यायला गारच लागेल. पण जंतूंची वाढ चालूच राहील. हाताला गार लागणे हा निकष येथे उपयोगाचा नाही.

“शिळे अन्न आम्ही पुन्हा उकळतोच की!” असे अनेक ज्येष्ठ मला सांगतात. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे. परंतु काही जंतू अन्नात आधीच विष सोडून ठेवतात आणि ते उकळण्यानेही नष्ट होत नाही. बाहेर राहिलेल्या भातात हे विशेष घडते. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला घातला, तरी त्यातील विष तसेच राहू शकते.

तरुण माणसाला अशा अन्नाने एक दिवस जुलाब होतात आणि तो बरा होतो. वृद्धाचे तसे नसते. वयोमानाने तहान कमी लागते, जठरातील आम्ल व प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. अशा शरीरातून चार-सहा वेळा पाणी गेले की रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडावर ताण येतो, चक्कर येऊन पडणे आणि त्यातून खुब्याचे हाड मोडणे येथपर्यंत मजल जाते.

दडलेला डबा

स्टीलच्या डब्याचा एक दोष ज्येष्ठांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो : आतले दिसत नाही. मागच्या कप्प्यात ढकललेला डबा कधीचा आहे, हे आठवणीवर सोडले जाते. नजर अधू असते, वासही पूर्वीसारखा येत नाही. अन्न टाकणे म्हणजे पाप, या संस्कारात वाढलेली पिढी तो डबा उघडते आणि “अजून चांगले आहे” म्हणून खाते. यावर उपाय सोपा आहे. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत वार लिहावा. सोमवारचे वरण बुधवारपर्यंत संपवावे. त्यापुढे ठेवू नये. अन्न टाकवत नसेल तर मुळात थोडे शिजवावे. दोघांच्या घरात सहा जणांचा गंज चुलीवर चढवण्याची सवय मोडणे, हा अन्नाचा अधिक चांगला सन्मान आहे.

गरम अन्न खोल पातेल्यात निवत ठेवले की मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. ते परातीत किंवा कोपरात पसरावे, वाफ गेली की पसरट, झाकणाच्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. येथे पातळ पत्र्याचा स्टीलचा डबा प्लॅस्टिकपेक्षा सरस ठरतो, कारण त्यातून उष्णता लवकर बाहेर पडते.

औषधांचे कपाट

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. येथे धोका दुहेरी आहे. तापमान जास्त झाले तर इन्सुलिनची शक्ती हळूहळू कमी होते. गोठले तर ते कायमचे निकामी होते, मग वितळून पूर्ववत दिसले तरीही. जुन्या, वर बर्फाचा कप्पा असलेल्या फ्रिजमध्ये एकाच वेळी दोन्ही घडू शकते : कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत गोठवणारी, तर दारातील खण नको तितके उबदार.

माझ्याकडे आर्णी रस्त्यावरच्या एका गावातून येणाऱ्या आजींची साखर काही केल्या उतरत नव्हती. पथ्य होते, इंजेक्शन वेळेवर होते. “कुपी घेऊन या” म्हटले. कुपीच्या काचेला आतून पांढरा, दवासारखा थर चिकटला होता. सून म्हणाली, “सर्वांत गार जागा म्हणून बर्फाच्या खालीच ठेवतो.” नवी कुपी आणली, मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवली, आणि त्याच मात्रेत साखर आटोक्यात आली.

येथे एक इशारा. निकामी कुपीमुळे साखर वाढलेली असताना इन्सुलिनची मात्रा वाढवली गेली असेल, तर चांगली कुपी सुरू होताच साखर एकाएकी खाली जाऊ शकते. म्हणून कुपी खराब निघाल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे आणि मात्रा विचारून घ्यावी.

पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ प्रकारच्या इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत चार आठवडे बाहेर चालते. पण ‘बाहेर’ म्हणजे २५ ते ३० अंश, यवतमाळचा मे महिना नव्हे. या दिवसांत ती फ्रिजमध्येच ठेवावी आणि टोचण्यापूर्वी थोडा वेळ आधी काढावी, म्हणजे दुखत नाही. फ्रिज नसलेल्या शेतावरच्या घरात मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके टाकावे. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन उत्तम होते, म्हणून ही युक्ती उन्हाळ्यात उपयोगी पडते. पावसाळी दमट हवेत तितकी नाही. काचबिंदूच्या काही थेंबांची न उघडलेली बाटलीही फ्रिजमध्ये ठेवावी लागते. वेष्टनावरील सूचना कुटुंबातील कोणाकडून तरी वाचून घ्यावी. साध्या गोळ्या मात्र फ्रिजमध्ये ठेवू नयेत; त्यांना ओल लागते.

झिणझिण्या वाताच्या की विजेच्या?

जुन्या फ्रिजचे धातूचे अंग, मिक्सरचे स्टीलचे भांडे, स्टीलची विजेची किटली, या सर्वांतून वीज वाहू शकते. “फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात” ही तक्रार कोणी केली, तर तिला वातविकार समजून औषध घेऊ नये. तत्काळ बटण बंद करून वीजतंत्र्याला बोलवावे. भिंतीतील तीन भोकांच्या सॉकेटमागे खरोखर अर्थिंग जोडलेले आहे का, हे तपासून घ्यावे. जुन्या घरांत ते अनेकदा नुसते दिसायला असते. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवणे हा ज्येष्ठांच्या घरातील सर्वांत सार्थ खर्चांपैकी एक आहे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या व्यक्तीला सौम्य धक्का जाणवेलच असे नाही. म्हणून ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून फ्रिज उघडू नये.

वीज गेली तर

वळवाच्या वादळात तारा तुटतात, खांब पडतात. दार बंद ठेवले तर फ्रिज सुमारे चार तास गारवा टिकवतो. वीज गेल्याची वेळ कागदावर लिहावी आणि ‘किती गार राहिले आहे’ हे पाहण्यासाठी दार उघडत बसू नये. चार तासांहून अधिक वेळ गेला, तर शिजवलेले अन्न, दूध, मांस, अंडी यांचा मोह सोडावा. इन्सुलिन मात्र घाईने फेकू नये. काही तासांच्या उष्णतेने ते लगेच निरुपयोगी होत नाही. औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे.

या पंधरवड्यात करावयाची कामे

१. फ्रिजचा थर्मामीटर आणावा. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही. तो इतके खालचे तापमान दाखवत नाही. पेलाभर पाण्यात तो बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार प्रथम उघडताच आकडा वाचावा. तो ३ ते ५ अंशांच्या दरम्यान हवा. ऋतू बदलला की पुन्हा मोजावे.

२. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावावे आणि कागद ओढावा. तो सहज निसटला तर रबर बदलावे.

३. बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला की फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडते. काही फ्रिजमधील वायू ज्वलनशीलही असतो.

४. मागची जाळी भिंतीपासून वीतभर दूर असावी. प्लग काढून तिच्यावरील धूळ झाडावी. हे काम घरातील तरुणांनी करावे.

५. एवढे करूनही तापमान ५ अंशांखाली येत नसेल, तर मेकॅनिकला ‘थंड करून द्या’ असे न सांगता आकडा दाखवावा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावे. तरीही जमत नसेल, तर फ्रिज निवृत्त करावा. किती वर्षे चालला, हा प्रश्न येथे गौण आहे.

निवृत्त केलेला फ्रिज अंगणात किंवा गोठ्यात धान्याची पेटी म्हणून ठेवण्याची पद्धत आहे. जुन्या, कडीसारख्या मुठीच्या फ्रिजचे दार आतून उघडत नाही. सुट्टीत आलेली नातवंडे लपाछपी खेळताना आत अडकली तर गुदमरू शकतात. म्हणून त्याचे दार आधी काढून टाकावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिजचाही समावेश आहे. तेव्हा तो फोडणाऱ्याला न देता अधिकृत संकलकाकडे द्यावा किंवा नवा घेताना दुकानदाराला परत द्यावा.

शेवटी, जुलाब-उलट्या सुरू झाल्याच, तर ओआरएसचे पुडके लिटरभर स्वच्छ पाण्यात मिसळून थोडे थोडे पाजावे. मधुमेह आहे म्हणून ते टाळू नये. रुग्णाला ग्लानी येत असेल, लघवी सहा-आठ तास झाली नसेल, शौचातून रक्त जात असेल, ताप असेल, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी घ्याव्यात की नाही, हे फोन करून डॉक्टरांना अवश्य विचारावे. दवाखान्यात येताना औषधांची पिशवी, इन्सुलिनची कुपी आणि आदल्या दिवशी काय खाल्ले याची आठवण सोबत आणावी.