समुद्रावरून घरी फोन

सांगलीच्या पेठेत हळदीची आडत चालविणारे एक गृहस्थ दिवाळीनंतर पत्नी, थोरला मुलगा आणि सून यांच्यासह सिंगापूरला गेले आणि तेथून क्रूझने निघाले. सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशी ती चार रात्रींची सफर होती. पेढीवर धाकटा मुलगा होता, घरी शहाऐंशी वर्षांच्या मातोश्री होत्या. निघताना त्यांनी आईला शब्द दिला होता, ‘रोज पाच वाजता फोन करीन.’ सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा मातोश्रींचा नियम अनेक वर्षांचा. मुलाचा आवाज ऐकायचा आणि मग पानावर बसायचे, असा क्रम त्यांनी मनाशी ठरवून टाकला.

पहिले तीन दिवस जहाज किनाऱ्याजवळ असताना फोन वेळेवर आला. चौथ्या दिवशी मात्र जहाज अखंड समुद्रातच होते. त्या दुपारी एका खरेदीदाराचा शिल्लक मालाच्या भावाविषयी फोन आला. गृहस्थांनी तो सवयीने घेतला आणि अकरा मिनिटे बोलणे झाले. थोड्याच वेळात मोबाइल कंपनीचा खर्चाचा संदेश आला. त्या एका संभाषणाचा आकार एका माणसाच्या जहाजावरील दोन दिवसांच्या वायफायहून अधिक होता. घाबरून त्यांनी फोन बंदच केला. ‘उद्या सिंगापूरला उतरल्यावर आईशी निवांत बोलू,’ असे ते पत्नीला म्हणाले.

सांगलीत पाच वाजले, साडेपाच वाजले. धाकट्या मुलाने चार वेळा नंबर फिरवला. प्रत्येक वेळी फोन बंद असल्याचेच ऐकू आले. सूर्य मावळला आणि मातोश्री जेवणाविना राहिल्या. दुसऱ्या दिवशी मुलाने विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘तुझा आवाज ऐकला की जेवणार होते रे.’

पैसा भावाच्या चौकशीवर गेला आणि जो फोन व्हायलाच हवा होता तो राहून गेला. असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. तो टाळण्यासाठी फार मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही. जहाजावरील फोन कसा चालतो हे एकदा समजून घेणे आणि घरच्यांशी आधी ठरवून निघणे, एवढे पुरेसे असते.

महाग पडते ते काय?

जहाज बंदरात किंवा किनाऱ्यालगत असते तेव्हा आपला मोबाइल जमिनीवरील मनोऱ्यांशी जोडला जातो. जहाज खोल समुद्रात गेले की ही साखळी तुटते. त्यानंतर अनेक जहाजांवर त्यांचे स्वतःचे छोटे मोबाइल नेटवर्क सुरू होते. सामान्यतः किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर अंतर ओलांडल्यावर हे घडते. या नेटवर्कवरील बोलणे उपग्रहामार्फत जाते आणि त्याची आकारणी नेहमीच्या परदेशी रोमिंगहून निराळी व पुष्कळ जास्त असते. सिंगापूर–मलेशियासाठी घेतलेला रोमिंग पॅक येथे बहुधा लागू पडत नाही. फोनच्या पडद्यावर ‘सी’, ‘मॅरिटाइम’ असा शब्द किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर फोन जहाजाच्या नेटवर्कवर गेला आहे असे समजावे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, रोमिंगमध्ये आलेल्या फोनचेही पैसे लागतात. आपण केला नाही म्हणून तो फुकट ठरत नाही. दुसरी अशी की, डेटा रोमिंग चालू राहिले तर फोन खिशात असतानाही ॲप अद्ययावत करणे, छायाचित्रे साठविणे अशी कामे आपण होऊन करीत राहतो. म्हणून जहाजावर पाऊल ठेवताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि त्यानंतर फक्त वायफाय चालू करावे. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि मोठ्यात मोठा खर्च तोच वाचवितो.

केबिनमधील टेलिफोनवरून किनाऱ्यावर केलेला फोनही उपग्रहानेच जातो व महाग पडतो. मात्र एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये बोलण्यास तो सामान्यतः विनामूल्य असतो. अनेक जहाजांच्या स्वतःच्या ॲपवरही सोबतच्या मंडळींना संदेश धाडता येतात. ‘जेवायला कोठे भेटायचे’ यासाठी मोबाइल नेटवर्कची गरज नाही.

वायफायचा हिशेब

भर समुद्रात घरी बोलण्याचा परवडणारा मार्ग म्हणजे जहाजाचे वायफाय आणि त्यावरून व्हॉट्सॲपसारख्या ॲपचा फोन. पूर्वी हे वायफाय फारच मंद असे. जुन्या पद्धतीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न तेथपर्यंत जाऊन खाली येणार आणि उत्तरही त्याच वाटेने परतणार, यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. दोघेही एकाच वेळी बोलू लागतात ते त्यामुळेच. अलीकडे स्टारलिंकसारखे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रह जहाजांसाठी वापरात आले आहेत. रॉयल कॅरिबियन कंपनीने २०२२ मध्ये आपल्या ताफ्यासाठी ही सेवा स्वीकारल्याचे जाहीर केले. अशा जहाजांवर संभाषण पुष्कळ सुकर होते.

परंतु वायफाय विकत घेताना व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखाच विचार करावा. समजा, एका उपकरणास एका दिवसाचे १,५०० रुपये पडतात. चौघांनी चार दिवसांसाठी घेतले तर २४,००० रुपये होतात. एकाच फोनवर चार दिवस घेतले तर ६,०००. जे दोन दिवस जहाज बंदरापासून दूर असणार, तेवढ्यांपुरतेच घेतले तर ३,०००. घरी जाणारा निरोप तिन्ही वेळा तोच असतो. काही जहाजांवर एका दिवसाचा पॅक मिळतो, काहींवर संपूर्ण सफरीचाच घ्यावा लागतो. हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. निघण्यापूर्वी ऑनलाइन घेतलेला पॅक जहाजावरील दरापेक्षा पुष्कळदा स्वस्त असतो. एका वेळी एकच उपकरण चालते अशा पॅकमध्ये एकाने बाहेर पडून दुसऱ्याने आत येण्याची मुभा अनेक ठिकाणी असते. स्वस्त पॅकमध्ये कधी केवळ संदेशच जातात, बोलणे होत नाही. हा भेद पैसे भरण्यापूर्वी पाहावा.

ॲपवरील आवाजी बोलण्यास मिनिटाला साधारण अर्धा मेगाबाइट पुरतो. व्हिडिओ कॉलला त्याच्या कित्येक पट लागतो. यास्तव समुद्रावरून आवाज पाठवावा आणि नातवंडांचे मुखदर्शन बंदरावरून करावे. याहून सोपा मार्ग ध्वनिमुद्रित निरोपाचा. एका मिनिटाचा निरोप अगदी मंद जोडणीवरूनही पोहोचतो. थोडे कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो, हा आणखी लाभ.

बंदरावरील सोय

मनसोक्त बोलण्याची खरी जागा बंदरच. ई-सिम चालणारा फोन असल्यास सिंगापूर, मलेशिया, थायलंड अशा सर्व देशांत चालणारा एकत्रित डेटा पॅक घरीच, वायफायवर असताना बसवून घ्यावा. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाताना सिंगापूरजवळ एका अंगास इंडोनेशियाची बेटे फार जवळ येतात आणि फोन नकळत तेथील नेटवर्क पकडतो. पॅकमध्ये इंडोनेशियाही असल्यास चिंता नको. मात्र ही ई-सिम किनाऱ्याच्या आसपासच उपयोगी. खोल समुद्रात ती निरुपयोगी ठरते.

पिनांगला जहाज जॉर्ज टाऊन शहराला लागूनच असलेल्या स्वेटनहॅम धक्क्यावर लागते. तेथील लिटल इंडिया चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चहा घेता घेता घरी बोलणे होऊ शकते. सिंगापुरात ‘वायरलेस ॲट एसजी’ ही विनामूल्य सार्वजनिक वायफाय सेवा अनेक ठिकाणी मिळते. अशा सार्वजनिक वायफायवर क्षेमकुशल जरूर विचारावे, पण बँकेचे व्यवहार करू नयेत.

दुबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जाणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीत तेथील नेटवर्कवरून व्हॉट्सॲपचे संदेश जातात, परंतु त्यावरील फोन लागत नाही. तेथे निरोप ध्वनिमुद्रित करूनच धाडावा. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजावर किनाऱ्यालगत आपलेच सिम चालते. तरीही भर समुद्रात फ्लाइट मोडचा नियम तेथेही पाळावा. उपग्रह-फोन सोबत नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. भारतात परवानगीवाचून तो बाळगणे गुन्हा आहे.

पेढी, बँक आणि ओटीपी

व्यापारी माणसाचे घराशी होणारे निम्मे बोलणे वस्तुतः पेढीशीच होते. हा भार निघण्यापूर्वीच हलका करता येतो. कोणत्या भावापर्यंत माल सोडायचा आणि कोणाला किती उधार द्यायचे, हे मागे राहणाऱ्याला लिहून द्यावे व त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवावा. देय चेकच्या तारखा पाहून खात्यात पुरेशी शिल्लक ठेवावी. जीएसटीचे विवरणपत्र सफरीच्या काळात येत असेल तर आधीच भरावे.

फ्लाइट मोडमध्ये साधा एसएमएस येत नाही, म्हणजे ओटीपीही येत नाही. मोबाइल कंपनीची वायफाय कॉलिंगची सोय परदेशातही चालते का आणि तीवर एसएमएस येतो का, हे कंपनीकडून आधी समजून घ्यावे. आपला फोन घरी ठेवून ‘ओटीपी आला की सांग’ अशी व्यवस्था करणे धोक्याचे आहे. त्याऐवजी पेढीच्या खात्यावर मुलास रीतसर अधिकार देण्याचा अर्ज बँकेत करावा. भारतीय सिम फोनमधून काढू नये, कारण यूपीआयची ॲप त्याच सिमशी बांधलेली असतात. प्रवासात व्हॉट्सॲप काढून पुन्हा बसविण्याचा उद्योगही करू नये. पुन्हा नोंदणी करताना पडताळणीचा आकडा बहुधा एसएमएसवरच येतो.

घरचे सगळे परगावी आहेत हे जगाला कळले की भामट्यांना संधी मिळते. ‘तुमचे वडील जहाजावर आजारी आहेत, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन आला तर घरचा मुलगा गांगरून जातो. यासाठी एक खुणेचा शब्द घरात ठरवून ठेवावा. तो शब्द न सांगणाऱ्याला एक पैसाही द्यायचा नाही, हे सर्वांना माहीत असावे.

घरी ठेवावयाचा कागद

या सर्वांहून स्वस्त साधन म्हणजे एक साधा कागद. त्यावर जहाजाचे नाव, केबिन क्रमांक, सफर ठरविणाऱ्या एजंटचा आणि जहाज कंपनीचा दूरध्वनी, प्रवास विम्याचा तपशील आणि प्रत्येक दिवशी जहाज कोठे असेल हे लिहावे. फोनची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणेच लिहावी. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास चालते. आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा तेथे साडेसात झालेले असतात. थायलंड दीड तास पुढे आहे आणि जहाजाचे घड्याळ बंदराप्रमाणे बदलेलच असे नाही. केवळ ‘संध्याकाळी’ एवढेच सांगितले तर दोन्हीकडची संध्याकाळ वेगळी ठरते.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाची ओळ लिहावी : फोन आला नाही तर काय समजायचे. ‘या दिवशी जहाज समुद्रात आहे, फोन लागणार नाही, काळजी नसावी’ हे आधी कळले असेल तर शांततेचे भय वाटत नाही.

पुढल्या वर्षी तेच गृहस्थ पुन्हा जहाजावर गेले. या वेळी वायफाय एकाच फोनवर घेतले होते आणि उरलेले तीन फोन फ्लाइट मोडवर होते. पेढीचे सर्व अधिकार धाकट्याकडे होते. कागद मातोश्रींच्या खोलीत भिंतीवर लावलेला होता आणि त्याची शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत होती : ‘आई, निरोप येवो न येवो, साडेपाचला जेवून घ्यायचे.’ समुद्रातल्या दिवशी निरोप पावणेसहाला आला. मातोश्रींनी तो हात धुऊन, चष्मा लावून, दोनदा ऐकला.