तांदळाने जखम भरत नाही!

तुळिंजच्या चाळींतला कष्टकरी पोटासाठी लोकलला लोंबकळतो, परांचीवर चढतो. तो पडला, मणका मोडला की कमरेखालचे शरीर लुळे पडते. शस्त्रक्रिया होते, रुग्णालय घरी पाठवते आणि खरी लढाई तेथून सुरू होते.

एकाच कुशीवर पडून शय्याव्रण होतात. ते भरून येण्यास वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला सुमारे ६२ ते ७५ ग्रॅम. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्यातून रोज जेमतेम १२ ते २० ग्रॅम! उरलेल्यासाठी डाळ, अंडी, सुकट कोण देणार? कमावताच अंथरुणाला खिळलेला आहे.

क्षयरुग्णाला सकस आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देते. म्हणजे आहार हाही उपचारच, हे सरकारला मान्य आहे. मग मणका मोडलेल्याला हा न्याय का नाही?

राज्यघटनेचे कलम ४७ पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम २४ सामाजिक सुरक्षेची हमी देते. महापालिकांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी खर्चायचा आहे. वसई-विरार महापालिकेने त्यातूनच पोषण भत्ता सुरू करावा.

कार्यकर्त्यांनो, चाळीचाळींतून लेखी अर्ज करा, पोच घ्या. ही दया नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे!