सिग्नल तुटला तर ड्रोन काय करतो?

टेकफेस्टच्या ग्राउंडवर ड्रोन उडाला की प्रश्न ठरलेले. किती उंच जातो? बॅटरी किती टिकते? कॅमेरा कसाय? पण ड्रोन स्मार्टफोनवर चालणारा असेल, तर पहिला प्रश्न वेगळाच हवा. मधेच सिग्नल तुटला तर तो काय करतो?

असे बहुतेक छोटे ड्रोन स्वतःचं वाय-फाय नेटवर्क तयार करतात. फोन त्याला जोडला की स्क्रीनवरच्या बोटाची हालचाल छोट्या संदेशांतून ड्रोनकडे जाते. अनेक ड्रोनमध्ये त्यासाठी यूडीपी ही पद्धत वापरतात. ती वेगवान आहे, पण संदेश पोहोचल्याची पावती देत नाही. रील अडकली तर आपण वैतागतो. इथे कमांड अडकली तर ड्रोन कुणावर तरी आदळू शकतो.

कोडिंग शिकायला वापरला जाणारा, साधारण 80 ग्रॅमचा ‘टेलो’ प्रोग्रामने उडवताना 15 सेकंद कमांड आली नाही तर आपणहून खाली उतरतो. ही सोय आधीच विचार करून दिलेली आहे. उलट 2010 मध्ये आलेल्या, आयफोनवर उडणाऱ्या ‘पॅरट एआर ड्रोन’चं वाय-फाय उघडं होतं. 2013 मध्ये सॅमी कामकर या संशोधकाने रास्पबेरी पाय लावलेला ड्रोन वापरून असे ड्रोन हवेतच ताब्यात घेता येतात, हे दाखवून दिलं. आज युक्रेन युद्धात जॅमिंग इतकं वाढलंय, की दोन्ही बाजू कित्येक किलोमीटर लांब फायबरची तार जोडून ड्रोन उडवतायत.

आपल्याकडचे ड्रोन नियम 2021 मुख्यतः वजन बघतात. 250 ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, टाइप सर्टिफिकेटही नाही. हलका ड्रोन कमी इजा करेल, हे लॉजिक पटतं. पण सिग्नल वजन बघून तुटत नाही. त्यात मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात बरीच सूट आहे. फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. म्हणजे जोडणी करणारे आपणच. मग तपासणीची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलणार?

ती अवघड नाही. आधी पंखे काढा आणि ड्रोन टेबलावर घट्ट बांधा. मोटर चालू असताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. मोटर किती सेकंदांत थांबते ते लिहून ठेवा. कॉल आला, ॲप बॅकग्राउंडला गेलं, बॅटरी सेव्हर लागला, तर काय होतं? आजूबाजूला पंचवीस हॉटस्पॉट चालू असताना किती कमांड गळतात? मग मोकळ्या मैदानात दहा-दहा मीटरने अंतर वाढवत हेच पुन्हा करा.

स्पर्धांमध्ये उंचीला आणि वेगाला मार्क मिळतात. कंट्रोल गेल्यावर नीट उतरणाऱ्या ड्रोनलाही मिळायला हवेत. ती सुरुवात कॉलेजांनीच करावी, नियम येईपर्यंत थांबायची गरज नाही.