विकतचा गोठा

नाताळ जवळ आला की आमच्या लासुर्णे परिसरातील मुले वायरी, बल्ब आणि जुन्या पंख्याची मोटार घेऊन बसतात. गोठ्यामागे चक्र फिरू लागते, तारा सरकतो, मेंढपाळ पुढे येतो. आणि दरवर्षी कोणी वडीलधारे म्हणतात, ‘‘हा पोरखेळ कशाला? शहरातून तयार गोठा आणा. देवळात गांभीर्य हवे.’’

या गांभीर्याशी माझे भांडण आहे.

२०११ साली व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे या बेनेडिक्टाइन मंदिरात, थेट घुमटाखाली, धुराचा एक स्तंभ उभा राहिला. खालून धूर, वर तो ओढून घेणारी हवा. मूर्ती नाही, चित्र नाही. कलाकृतीचे नाव ‘असेन्शन’, म्हणजे स्वर्गारोहण. कर्ता अनिश कपूर १९५४ साली मुंबईत जन्मला. वडील हिंदू, आई ज्यू. इस्रायलमध्ये तो विद्युत अभियांत्रिकी शिकू लागला, परंतु गणिताने हात टेकवले. १९७३ साली इंग्लंड गाठून तो शिल्पकार झाला. २००३ सालच्या त्याच्या एका शिल्पात मोटारीवर फिरणारा पोलादी दांडा पंचवीस टन तांबडे मेण संथपणे कापीत जातो. धूपदानातून वर जाणारा धूर जन्मभर पाहणाऱ्या आपल्याला ही भाषा परकी का वाटावी?

‘‘तो विलायतेतला कलावंत, आमची मुले फिटर,’’ असे उत्तर मिळते. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वराने आपल्या आत्म्याने कोणाला भरले? धातू, पाषाण आणि लाकूड घडविणाऱ्या बसालेल या कारागिराला! शेजारच्या वालचंदनगरात अवजड यंत्रे घडतात. तेथील लेथवर राबणारा हात देवाच्या कामी हलका कसा ठरतो? चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे.

प्रत्येक लुकलुकणारी माळ प्रार्थना नसते, हे मान्य. भडक दिव्यांनी वेदी झाकणारी हौस मलाही नको. पण त्यावर उपाय मुलांना शिकविणे हा आहे, त्यांच्या हातातील पक्कड काढून घेणे हा नव्हे. आगमनकाळात त्यांना जवळ बसवा आणि विचारा: तारा का सरकतो? कोणाकडे सरकतो? कोणता दिवा मालवला म्हणजे बाळ येशू दिसेल?

उत्तर शोधताना ती जे शिकतील, ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तयार गोठा आणून आपण पैसे देतो आणि मुले गमावतो.