रात्र विकत घेणारा शेतकरी

कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मेळाव्यात कुंडीतल्या फुलाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विषय फुलाचा नाही, हिशेबाचा आहे.

अमेरिकेत ईस्टरच्या सणाला पांढरी लिली कुंडीत विकतात. सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही पडतो. फूल आठवडाभर मागे पडले की माल उकिरड्यावर. म्हणून तिथला शेतकरी कंद सुमारे सहा आठवडे थंडीत ठेवतो आणि मग हरितगृहात रोपाची पाने मोजत बसतो. पाने किती वेगाने उलगडतात ते दिवसरात्रीच्या सरासरी तापमानावर ठरते. रोप मागे पडले तर ऊब वाढवायची, पुढे गेले तर कमी करायची. घाईने फार तापवले तर कळ्या सुकतात. रात्रीपेक्षा दिवस जितका उबदार, तितका दांडा लांबतो. रात्र दिवसाहून उबदार ठेवली तर रोप बुटके, ठसठशीत राहते. मिशिगनमधल्या विद्यापीठात १९८० च्या दशकात हे गणित बसवले गेले.

थोडक्यात, तो इंधनाचे बिल भरून रात्र विकत घेतो. आपण मात्र कपाशीच्या पात्या गळताना बघत राहतो.

पण त्याला घर तापवायचे आहे, आपल्याला थंड करायचे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा हरितगृहाची योजना घेऊन कोणी गावात आला, तर आम्ही अनुदानाचा आकडा आधी विचारणार नाही. भरदुपारी वीज गेल्यावर पंखे कशावर फिरणार आणि गारव्याला लागणारे पाणी कोणत्या विहिरीतून येणार, ते त्याने आधी सांगावे.