शिवनेरीवरील शिवसुमन

जुन्नरचा शिवनेरी किल्ला ज्या घरांत ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. १६३० सालीं तेथें शिवछत्रपतींचा जन्म झाला. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं असून, २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत त्याचीही गणना झाली. परंतु त्याच्या कड्यांच्या भेगांत राहणारें एक रानफूल पुष्कळांच्या दृष्टीस पडत नाहीं. त्याचें नांव शिवसुमन.

ही वनस्पति रुईच्या कुळांतली. दांडे जाड, मांसल व जमिनीलगत पसरणारे; पाण्याचा सांठा त्यांतच. कोरड्या दिवसांत पानें गळतात, पाऊस येतांच पुन्हा फुटतात. माकडशिंगादि तिचे आप्त जवळजवळ निष्पर्ण. ही मात्र सपर्ण, म्हणून शास्त्रज्ञांस तिचें कौतुक. पाऊस ओसरूं लागला म्हणजे किरमिजी रंगाचें, पांच कोनांच्या चांदणीसारखें फूल येतें; कांहींवर पिवळे ठिपकेही असतात.

डाल्झेल नांवाच्या वनाधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकांत तिचें शास्त्रीय वर्णन केलें, व मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तीस ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें. शिवनेरी, सज्जनगड असे सह्याद्रींतील मोजके कडे सोडले तर जगांत अन्यत्र ती आपोआप उगवत नाहीं.

कोणी म्हणेल, ती कुंडींत सहज लागते, मग चिंता कसली? लागते खरी. पण दांडा तोडून लावलेलें रोप म्हणजे त्याच झाडाचा दुसरा तुकडा. बियांपासून होणारी नवी संतति, तींतील भिन्न भिन्न गुण, हें कड्यावरच टिकावयाचें. तेथें वणवा, शेळ्या आणि हौशी माणसाचा हात, हे तिघे तिचे वैरी. ढासळलेला बुरूज पाथरवट पुन्हा रचील; बीं संपलें तर तो काय करणार?

यास्तव आमचें वडीलधाऱ्यांस सांगणें इतकेंच. मुलांस गडावर अवश्य न्यावें, वाटेवरूनच फूल दाखवावें, त्याचें चित्र वहींत काढवून घ्यावें. दांडा मात्र तोडूं देऊं नये. देवपूजेस परसांतील तगर-जास्वंद पुरेशी आहे. सुमन म्हणजे फूल, तसेंच चांगलें मनही. गडावर जातांना हा दुसरा अर्थ विसरूं नये.