'दास देव' आणि प्रेमकथेवरचा आरोप

सुधीर मिश्रा यांचा 'दास देव' हा हिंदी चित्रपट २०१८च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला आणि फारसा चालला नाही. उत्तर प्रदेशातल्या एका राजकीय घराण्याचा व्यसनात बुडालेला वारस देव, त्याची बालपणापासूनची पारो, आणि पुढारी व उद्योगपती यांची कामे जुळवून देणारी चांदनी, अशी ही तिघांची गोष्ट आहे. राहुल भट, रिचा चढ्ढा आणि अदिती राव हैदरी यांनी या भूमिका केल्या. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'देवदास'ला येथे 'हॅम्लेट'ची जोड दिली आहे: वडील हेलिकॉप्टर अपघातात गेलेले, आणि पक्षाची सूत्रे काका अवधेशच्या हाती.

अशा चित्रपटांवर एक ठरावीक आक्षेप घेतला जातो. भ्रष्टाचार हा पैशाचा, जमिनीचा आणि कायद्याचा प्रश्न. त्यात प्रेमाचा त्रिकोण आणला की राजकारण केवळ पडदा होऊन मागे लटकते. 'सिंहासन' (१९७९) हा राजकीय चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा आक्षेप विशेष पटतो. त्याला जोडून दुसरा आक्षेप येतो, की सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान यांचे देवदास आणि 'देव.डी' यांच्यानंतर या कथेत काही उरलेले नाही, आणि निखळ विरहकथेवर राजकारणाचे कलम करणे ही ओढाताण आहे.

दुसऱ्या आक्षेपाचा पायाच कच्चा आहे. मूळ कादंबरीतली विरहकथा कधी निखळ नव्हतीच. जमीनदाराच्या मुलाने शेजारच्या कमी प्रतिष्ठेच्या घरातली मुलगी करायची नाही, हा तिथला निर्णय घराण्याच्या सत्तेचा आहे, आणि देवदासचा दुबळेपणा त्या सत्तेपुढचा आहे. जमीनदारी कायद्याने गेली. घराणी पक्षांत आली. मिश्रा यांनी देवला पुढाऱ्याचा मुलगा केला तेव्हा कादंबरीत असलेलीच गोष्ट तिच्या आजच्या पत्त्यावर नेली. त्यांचे आजोबा द्वारकाप्रसाद मिश्र मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री होते. सत्तेच्या घरातली भाषा या दिग्दर्शकाला उसनी आणावी लागलेली नाही.

पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. हिंदीत असे पुष्कळ चित्रपट निघाले आहेत, ज्यांत मंत्र्याचा बंगला गाण्यांमधली जागा भरण्यापुरता येतो. पण त्यावरून नियम निघत नाही. पैशाची लाच पकडता येते, तिची नोंद होते, चौकशी होते. माणूस विकला जातो तो त्याआधी, आपल्या माणसांच्या मध्यस्थीने, आणि त्या व्यवहाराची पावती कुठेच नसते. हे मराठी रंगभूमीने केव्हाच दाखवले आहे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) कोतवालीची किंमत म्हणून घाशीराम पोटची मुलगी नाना फडणवीसाच्या स्वाधीन करतो. तो प्रसंग काढला तर उरलेल्या नाटकातला अत्याचार निव्वळ एका दुष्टाचा अत्याचार होईल. सत्ता कशी घडवली जाते ते कळणार नाही.

'दास देव'मध्ये हेच काम चांदनी करते. सहाय या उद्योगपतीसाठी ती काम करते, आणि देवला राजकारणासाठी उभे करण्याच्या खेळात तिचा वापर होतो. तिच्याकडे 'मोहात पाडणारी बाई' म्हणून बोट दाखवणे हे चित्रपटाचे चुकीचे वाचन आहे. गोष्ट तीच सांगते. कोणाला काय हवे आहे आणि त्याची किंमत काय, हे तिलाच सर्वांत नेमके ठाऊक आहे. मोहाचे जाळे विणणारे पुरुष आहेत, आणि ते घरातले आहेत. सौरभ शुक्लांचा अवधेश पुतण्यावर खरोखर माया करतो. ती माया आणि सत्तेची गणिते एकाच माणसात नांदतात, म्हणूनच तो भीतिदायक वाटतो. पारो विरोधी गटातल्या नेत्याशी लग्न करते, तेव्हा दुखावलेला मान आणि राजकीय डाव यांत रेघ ओढणे अशक्य होते. देवचे मद्यही याच हिशेबात येते: नशेत असलेला वारस घराण्याला लाज आणतो, पण प्रश्न विचारत नाही.

मिश्रा यांच्याच 'हजारों ख्वाहिशें ऐसी'मध्ये प्रेमकथेतून राजकारण दाखवण्याची ही पद्धत अधिक पक्व रूपात आहे. १९६९ ते आणीबाणी या काळात त्यातला विक्रम दिल्लीतल्या ओळखींच्या बळावर वर चढतो. गीतावरच्या प्रेमापोटी तो बिहारच्या भोजपुरात जातो, आणि पोलिसांच्या मारापुढे त्याच्या साऱ्या ओळखी निरुपयोगी ठरतात. व्यवस्थेने त्याला काय दिले आणि काय हिरावले, ते प्रेमकथेमुळेच मोजता येते.

त्या तुलनेत 'दास देव' दाटीवाटीचा आहे. उत्तरार्धात रहस्ये एकावर एक उलगडतात, पात्रांना श्वास घ्यायला जागा मिळत नाही, आणि नशेतून सत्तेकडे जाणारा देवचा प्रवास घाईत उरकला जातो. मात्र हा दोष पटकथेच्या बांधणीचा आहे. प्रेमाला आणखी वेळ दिला असता, तर त्यातले राजकारण अधिक ठसठशीत झाले असते.